जावयाला फितूर कोण म्हणणार? दादरमधील एका हरलेल्या डावाचे प्रकरण

कोजागरीच्या रात्री दादरला, गोखले रस्त्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, आम्ही सात जणांनी गुप्त गटांचा एक खेळ खेळला आणि ज्या चौघांत मी होतो ते चौघे तीन विरुद्ध एक मोहिमांनी हरलो. हरण्यात नोंद करण्यासारखे काही नाही. नोंद करावीशी वाटते ती एवढ्यासाठी की, हरण्याआधी आमच्यापुढे पुरेसा पुरावा होता, तो दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता, आणि तरीही ज्या माणसाकडे तो बोट दाखवत होता त्याचे नाव चाळीस मिनिटांत एकदाही कोणाच्या तोंडून पूर्ण बाहेर पडले नाही. असे का झाले, हे त्या वहीच्या आधाराने तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम खेळाविषयी. अशा खेळांचे मूळ मॉस्को विद्यापीठातील दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६च्या सुमारास रचलेल्या ‘माफिया’ या खेळात सापडते. एकमेकांना ओळखणारा छोटा गट विरुद्ध कोणालाच न ओळखणारा मोठा गट, ही त्याची मूळ कल्पना. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉट्किन यांनी त्याला लांडग्यांच्या गोष्टीचे रूप दिले. या दोन्ही प्रकारांत खेळाडू एकेक करून बाद होतात, त्यामुळे पहिल्याच फेरीत ‘मेलेल्या’ माणसाला तासभर भिंतीला टेकून बसावे लागते. डॉन एस्क्रिज यांनी २००९ मध्ये आणलेल्या ‘द रेझिस्टन्स’ने ही अडचण काढून टाकली. त्यात कोणी बाद होत नाही, पाच मोहिमा होतात, आणि प्रत्येक मोहिमेवर कोण जाणार हे सर्वांच्या उघड मतदानाने ठरते. आम्ही खेळलो तो हाच खेळ, फक्त विकतचा संच नसल्यामुळे पत्त्यांच्या कॅटवर. आमच्या पिढीने शाळेत चिठ्ठ्यांवर खेळलेल्या राजा-राणी-चोर-शिपाईचा हा चुलत भाऊ म्हणता येईल. तिथे मात्र चोर एकटाच असतो आणि शिपायाने एकदाच अंदाज बांधायचा असतो, त्यामुळे आधीच्या वागण्यावरून काही ताडण्याची सोयच नसते.

नावांवरून बराच वेळ गेला. ‘हेर’ हा शब्द आत्याने फेटाळला. ती इतिहासाची निवृत्त शिक्षिका. बहिर्जी नाईक आपल्या बाजूचे होते, तेव्हा हेर हा शत्रू कसा, असा तिचा बिनतोड सवाल होता. दादाने ‘गद्दार’ सुचवला तेव्हा सगळे हसले आणि तो शब्द टीव्हीवर रोज ऐकून वीट आल्याचे सर्वानुमते ठरले. शेवटी एक बाजू मावळ्यांची आणि दुसरी फितुरांची झाली. मोहिमेचा प्रमुख तो सरदार, मोहीम यशस्वी करणारे काळे पान म्हणजे ‘फत्ते’ आणि मोडणारे लाल पान म्हणजे ‘दगा’.

सात खेळाडूंसाठी नियम असे. चार मावळे, तीन फितूर. पाने वाटल्यावर सर्वांनी डोळे मिटायचे, मग फक्त फितुरांनी डोळे उघडून एकमेकांना ओळखायचे. (को जागर्ति, कोण जागे आहे, असे लक्ष्मी ज्या रात्री विचारते त्याच रात्री सगळ्या घराला डोळे मिटायला सांगणे आत्याला फारसे रुचले नव्हते.) पाच मोहिमांवर अनुक्रमे दोन, तीन, तीन, चार आणि चार जण जातात. सरदार नावे सुचवतो, सगळे एकाच वेळी हात पुढे करतात, उघडा पंजा म्हणजे होकार, मूठ म्हणजे नकार. बहुमत मिळाले तर मोहीम निघते, नाही तर सरदारकी डावीकडच्या माणसाकडे जाते, आणि लागोपाठ पाच प्रस्ताव फेटाळले गेले तर फितूर जिंकतात. मोहिमेवर गेलेला प्रत्येक जण एक पान पालथे टाकतो. मावळ्याला फत्तेच टाकावा लागतो, फितुराला दोन्हींची मुभा असते. एक जरी दगा निघाला तरी मोहीम फसते. अपवाद चौथ्या मोहिमेचा, तिथे सात खेळाडूंच्या डावात दोन दगे लागतात. ज्या बाजूच्या तीन मोहिमा आधी होतील ती जिंकते. पाने एका पितळी डब्यात टाकून काका ती पिसून उघडत. कोपरा दुमडलेली पाने आधीच काढून टाकली होती, नाही तर पाठीवरूनच सगळे उघडे पडते. घरच्या कॅटवर खेळणाऱ्यांनी एवढी एक काळजी घ्यावीच.

आता माणसे, बसल्या क्रमाने. आत्या यजमान. तिच्या डावीकडे भाऊजी, म्हणजे तिचे जावई. लग्नानंतरची ही त्यांची सासरची पहिली कोजागरी होती. त्यांच्या डावीकडे त्यांची बायको, आमची ताई. मग ताईचा मोठा भाऊ दादा, मग वहिनी, मग शेजारच्या घरातले काका, जे बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि आजही व्याजाचा दर बोटांवर काढतात, आणि शेवटी आत्याच्या उजव्या हाताला मी, तिचा भाचा आणि त्या रात्रीचा कारकून. गच्ची दहा वाजता बंद होते म्हणून चंद्राला दाखवलेले दूध घेऊन आम्ही दिवाणखान्यात आलो होतो. ताई आणि भाऊजींना डोंबिवलीला परत जायचे होते, त्यामुळे शेवटच्या लोकलचे घड्याळ सर्वांच्या डोक्यावर टांगलेले होते. या घड्याळाचा निकालात वाटा आहे, तो पुढे येईल.

फितूर कोण होते ते वाचकाला आधीच सांगतो, कारण हे रहस्य राखण्याचे लेखन नव्हे: भाऊजी, वहिनी आणि काका. मावळे आत्या, ताई, दादा आणि मी.

पहिल्या मोहिमेची सरदार आत्या होती. तिने स्वतःचे आणि जावयाचे नाव घेतले. यात डाव असा काही नव्हता; पंगतीत पहिले ताट जिथे वाढायचे तिथेच तिने ते वाढले. सहा होकार, एक नकार. नकार काकांचा होता आणि त्याचे कारण त्यांनी असे दिले की पहिलाच प्रस्ताव कधी मंजूर करायचा नसतो. मोहीम फत्ते झाली.

इथे पहिली चूक झाली आणि ती शांतपणे झाली. मोहीम फत्ते झाली म्हणजे दोघेही स्वच्छ, असे सगळ्यांनी मनोमन धरून चालले. वास्तविक दोन माणसांच्या मोहिमेत दगा टाकणे फितुराला परवडत नाही, कारण जोडीदार मावळा असेल तर त्याला त्याच क्षणी खात्रीने कळते की दगा कोणाचा. त्यामुळे पहिल्या मोहिमेवरचा फितूर बहुतेक वेळा गुपचूप फत्ते टाकतो आणि त्या यशावर पुढचे व्यवहार करतो. शिवाय सातांतून दोघांच्या २१ जोड्या होतात आणि त्यांत फितूर नसलेल्या जोड्या फक्त ६ असतात. म्हणजे आंधळेपणाने निवडलेल्या पहिल्या जोडीत फितूर असण्याचीच शक्यता अधिक, आणि मोहीम यशस्वी झाल्याने ती जवळपास तशीच राहते.

दुसऱ्या मोहिमेचे सरदार भाऊजी. त्यांनी सासूबाई, बायको आणि स्वतः अशी तीन नावे घेतली. पाच होकार, दोन नकार. नकार काकांचा आणि माझा. डब्यातून दोन काळी पाने आणि एक लाल पान निघाले.

क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळ्यांच्या नजरा ताईकडे वळल्या. पहिल्या वेळी दोघे गेले तेव्हा फत्ते, तिसरी आली आणि दगा, तेव्हा तिसरीच फितूर, असे हे गणित. ऐकायला ते इतके सरळ वाटते की अनुभवी खेळाडूही त्यात अडकतात. खरे गणित असे आहे. मी मावळा असल्याने माझ्या दृष्टीने उरलेल्या सहांतून तीन फितूर निवडण्याचे २० प्रकार होते. आत्या, भाऊजी, ताई यांच्यापैकी निदान एक फितूर असलाच पाहिजे, म्हणून फक्त दादा-वहिनी-काका हे त्रिकूट बाद होऊन १९ प्रकार उरले. त्या १९ पैकी आत्या १० मध्ये फितूर ठरते, भाऊजी १० मध्ये आणि ताईही १० मध्येच. तिघांत तसूभरही फरक नाही. उरलेले तिघे प्रत्येकी ९ मध्ये, म्हणजे तेही फारसे मागे नाहीत. ताईवर आलेला जास्तीचा संशय निव्वळ क्रमामुळे आला होता. ती शेवटी आली, एवढाच तिचा गुन्हा.

आणि या तिघांत आणखी एक फरक होता, जो वहीत उतरला नाही. आत्याने वळून लेकीला म्हटले, “लहानपणापासून तुझं असंच आहे, लाडू खाऊन डबा बंद करून ठेवायचीस.” सगळे हसले आणि संशय त्या हसण्यात पक्का झाला. ताईला ‘तू’ म्हणता येत होते. आत्या तिची आई, काका तिला परकरात पाहिलेले, दादा मोठा भाऊ, त्यामुळे “तू खोटं बोलतेस” हे वाक्य तिच्याबाबतीत घरातल्या रोजच्या वाक्यांपैकीच एक होते. भाऊजींना आत्या ‘तुम्ही’ म्हणते, काका ‘जावईबापू’ म्हणतात, दादा, वहिनी आणि मी ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणतो. “तुम्ही खोटं बोलताय” हे वाक्य व्याकरणात बसते, दिवाणखान्यात बसत नाही. जावयाला ते म्हणायचे तर आधी “रागावू नका हं” अशी प्रस्तावना लागते, आणि प्रस्तावना संपेपर्यंत पुढच्या सरदाराने नावे सुचवलेली असतात. ताईची अडचण याहून अवघड होती. आपण मावळा आहोत हे तिला ठाऊक, म्हणजे दगा आईचा किंवा नवऱ्याचा. एरवी ती नवऱ्याला खुशाल ‘अरे’ म्हणते, पण आईसमोर तिने फक्त मान हलवली आणि “मी टाकलेला नाही,” एवढेच म्हणाली. जे वाक्य मावळाही म्हणतो आणि फितूरही म्हणतो, त्याला पुराव्याचे मोल नसते.

तिसऱ्या मोहिमेची सरदार ताईच होती. तिने स्वतः, दादा आणि मी अशी नावे सुचवली. आता मागे पाहता हा त्या रात्रीचा सर्वांत चांगला प्रस्ताव होता, कारण तिघेही मावळे होतो. तो दोन विरुद्ध पाच मतांनी पडला. ताई आणि दादाचा होकार. आत्या, भाऊजी, वहिनी, काका आणि मी, आमच्या मुठी.

माझी मूठ हा या प्रकरणातला सर्वांत लाजिरवाणा तपशील आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सात जणांच्या खेळात, जिथे मावळे चारच असतात, तिथे तीन माणसांच्या मोहिमेला आपण स्वतः तीत नसताना होकार देणे मावळ्याला सहसा परवडत नाही. कारण स्वतःविषयी आपली खात्री असते, म्हणून आपण असलेल्या मोहिमेत दोनच अनोळखी जागा स्वच्छ निघाव्या लागतात आणि आपण नसलेल्या मोहिमेत तीन. ताईच्या प्रस्तावात मी होतो. तो प्रस्ताव स्वच्छ असण्याचे माझ्यापुरते १९ पैकी ४ प्रकार होते. हे काही भरघोस नव्हे, पण त्यानंतर दादा सरदार झाला आणि त्याने आत्या, भाऊजी आणि स्वतः अशी नावे घेतली, तेव्हा ती मोहीम स्वच्छ असण्याचा माझ्या हिशेबी १९ पैकी केवळ १ प्रकार होता. आणि तिला मी होकार दिला. सहा होकार, एकटी ताई विरोधात. मी होकार का दिला? अकरा वाजायला आले होते, “लवकर आटपा रे, गाडी चुकेल,” असे आत्या दोनदा म्हणाली होती, आणि पुन्हा नकार देऊन खोळंबा करणारा भाचा व्हायची माझी इच्छा नव्हती. खेळात घाई नेहमी फितुरांच्या पथ्यावर पडते. मावळ्यांना माहिती वेळातूनच मिळते.

तिसऱ्या मोहिमेतही एक दगा निघाला. मावळे एक, फितूर दोन.

या टप्प्यावर प्रकरण जवळजवळ उघडे पडले होते. दुसरी मोहीम आत्या, भाऊजी, ताई यांची, तिसरी आत्या, भाऊजी, दादा यांची, दोन्हींत दगा. दोन्ही मोहिमांवर गेलेले दोघेच. माझ्या २० प्रकारांतून आता १८ उरले होते आणि त्या १८ पैकी १६ मध्ये आत्या किंवा भाऊजी, निदान एक जण, फितूर होता. हे दोघेही स्वच्छ असण्याचा मार्ग एकच होता: दुसऱ्या मोहिमेतला दगा ताईचा आणि तिसऱ्यातला दादाचा, म्हणजे भावंडे दोघेही फितूर. असे प्रकार १८ पैकी २.

दिवाणखान्याने हे दोनच प्रकार उचलून धरले.

हे कसे घडले ते मी शक्य तितके शब्दशः देतो. दादा म्हणाला, “माझ्याकडून फत्तेच होता. म्हणजे एक तर आई, नाही तर...” आणि तो थांबला. पुढचा शब्द सगळ्यांना माहीत होता. तो न आल्यामुळे वाक्य ‘आई’वर संपले. आत्याने ते तसेच ऐकले. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही दोघं भावंडं मिळून आईला खोटं ठरवताय?” त्या संध्याकाळी, दोनच तास आधी, घरातले ज्येष्ठ अपत्य म्हणून दादाची आश्विनी झाली होती, आत्याने त्याला पाटावर बसवून ओवाळले होते. ताट अजून देव्हाऱ्यासमोर होते. वहिनीने, जी फितूर होती आणि हे उत्तम खेळली हे मान्य करावे लागेल, दुधाचा पेला उचलत एवढेच म्हटले, “मगाशी ताईंच्या प्रस्तावाला यांचाच एकट्यांचा होकार होता, नाही का?” हे खरे होते. वहीत तसेच लिहिलेले होते. बहीण-भावांनी एकमेकांना होकार दिला ही गोष्ट युतीचा पुरावा ठरली, आणि ज्या पाच जणांनी तो प्रस्ताव पाडला त्यांत तिन्ही फितूर होते, ही शक्यता कोणी उच्चारली नाही. काकांनी “मतदान बोलतं,” असे गंभीरपणे म्हणून त्यावर शिक्का मारला.

आत्याच्या जागेवरून पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते, कारण तिला स्वतःविषयी खात्री होती. तिच्या दृष्टीने दुसऱ्या मोहिमेतला दगा जावयाचा किंवा लेकीचा, आणि तिसऱ्यातला जावयाचा किंवा लेकाचा. तिच्यापुढे १३ प्रकार उरत होते. त्यांतल्या १० मध्ये जावई फितूर होता. उरलेल्या ३ मध्ये तो स्वच्छ होता, पण त्यासाठी पोटची दोन्ही मुले एकाच वेळी फितूर असावी लागत होती. तिने ते ३ प्रकार निवडले. नंतर मी तिला हे आकडे दाखवले तेव्हा तिला जराही आश्चर्य वाटले नाही. ती म्हणाली, “मुलांना काय, उद्या समजूत काढता येते.” ती हे विनोदाने म्हणाली की नाही, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

इथे एक खबरदारी नोंदवतो. वरचे सर्व आकडे प्रत्येक त्रिकूट सारखेच संभाव्य धरून काढले आहेत. प्रत्यक्षात माणसे कोणाला निवडतात, कधी होकार देतात, कोणाची बाजू घेतात, यावरून पारडे इकडे-तिकडे झुकते. दादा फितूर असता तर त्याने आत्या-भाऊजींना घेऊन स्वतःच दगा का टाकला असता, हा प्रश्नही विचारात घ्यायला हवा होता. पण असे बारकावे धरले तरी भाऊजींवरचा भार वाढतोच, कमी होत नाही.

चौथ्या मोहिमेची सरदार वहिनी. तिने स्वतः, काका, आत्या आणि भाऊजी अशी चार नावे घेतली: भावंडे बाहेर आणि कारकूनही बाहेर. वर म्हटल्याप्रमाणे या मोहिमेला फसायला दोन दगे लागतात, आणि काकांनी तोच मुद्दा पुढे केला, की चुकून एखादा फितूर गेला तरी काही बिघडत नाही. युक्तिवाद वरवर समजूतदार होता. माझ्या १८ प्रकारांवर तो तपासला असता तर या चौघांत जास्तीत जास्त एकच फितूर असण्याचे प्रकार फक्त ४ निघाले असते. उलट मी, ताई, दादा आणि वहिनी अशी मोहीम सुचवली गेली असती तर ती सुरक्षित असण्याचे प्रकार १८ पैकी १० होते; विशेष म्हणजे वहिनी स्वतः फितूर असूनही ती मोहीम फत्ते झाली असती. पण हे गणित मी दुसऱ्या दिवशी सकाळी केले. त्या रात्री माझ्याकडे फक्त एक अस्वस्थता होती. मी म्हणालो, “भाऊजी, एक विचारू का, तुम्ही दोन्ही वेळेला...” भाऊजींनी अत्यंत सौजन्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “विचारा की.” एकदा तसे म्हटल्यावर विचारण्यासारखे काही राहिले नाही. मी “काही नाही, पानं नीट टाकली ना,” असे काहीतरी म्हणून वहीत डोके घातले.

हात पुढे आले. ताई, दादा आणि मी, तीन मुठी. आत्या, भाऊजी, वहिनी, काका, चार पंजे. एका मताने मोहीम निघाली आणि ते एक मत आत्याचे होते. तिने मूठ केली असती तर प्रस्ताव तीन विरुद्ध चार असा पडला असता आणि सरदारकी काकांकडे, आणि त्यांचाही प्रस्ताव पडला तर माझ्याकडे आली असती. काकांनी डबा पिसला. तीन लाल, एक काळे. दोन दगे पुरेसे असताना तिसराही पडला, कारण फितुरांना आपसांत बोलता येत नाही आणि कोणीच दुसऱ्यावर विसंबले नाही. आत्या त्या एकट्या काळ्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिली. ते तिचे होते.

डावानंतरच्या चर्चेत भाऊजींनी प्रांजळपणे सांगितले की, तिसऱ्या मोहिमेत दगा टाकताना त्यांना भीती वाटली नव्हती. खेळाच्या दृष्टीने तो धोका मोठा होता. दोन्ही फसलेल्या मोहिमांवर असलेला फितूर साधारणपणे तिथेच पकडला जातो, आणि सावध खेळाडूने त्या वेळी फत्ते टाकून पुढे डाव साधला असता. पण त्यांचा हिशेब वेगळा होता: पहिल्या वर्षी सासरी कोण काय म्हणणार. ते पेशाने विमा क्षेत्रात आहेत, तेव्हा जोखीम मोजणे त्यांच्या अंगवळणी पडले असावे. त्यांनी पत्ते कमी आणि घर जास्त वाचले होते, आणि घराबद्दलचे त्यांचे वाचन अचूक ठरले. ताईने मात्र घरी जाईपर्यंत त्यांच्याशी बोलायचे नाही असे जाहीर केले, जे डोंबिवलीपर्यंत टिकले नसावे.

अर्ध्या तासाची फुरसत होती म्हणून दुसरा डाव मांडला आणि त्यात ताईच्या सूचनेवरून तीन बदल केले. नात्याने हाक मारायची नाही. प्रत्येकाला बसल्या जागेवरून एक ते सात असा क्रमांक, आणि बोलताना तोच वापरायचा. मोहीम फसली की कोणी तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने दोन संशयितांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून पालथे ठेवायचे. आणि बोलायला सुरुवात वयाने सर्वांत धाकट्याने करायची. शेवटच्या दोन बदलांचे कारण उघड आहे: थोरले आधी बोलले की धाकट्यांची मते त्यांच्या मतांभोवती गोळा होतात, आणि लिहून ठेवलेला संशय कोणाच्या नजरेने गिळावा लागत नाही. पहिल्या बदलाचा परिणाम मात्र आम्ही अपेक्षिला नव्हता. पाने नव्याने वाटली गेली, पहिली मोहीम फत्ते झाली, दुसऱ्या मोहिमेवर भाऊजी, काका आणि मी गेलो आणि एक दगा निघाला. चिठ्ठ्या उघडल्या. सातपैकी चार चिठ्ठ्यांवर दोनचा आकडा होता. मी धाकटा म्हणून आधी बोललो, मग ताई, मग इतर, आणि शेवटी आत्या. ती ताठ बसली, चष्मा वर केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “दोन नंबर खोटं बोलतोय.”

‘बोलतोय’. दोन नंबरला आदरार्थी बहुवचन लागत नाही. भाऊजी इतके चकित झाले की त्यांनी आपले पान जवळजवळ उघडे केले. या वेळी ते मावळा होते आणि अक्षरशः खरे बोलत होते. दगा काकांचा होता.

डाव एक-एकवर असताना दादाने घड्याळ दाखवले. ताईने उरलेले दूध बाटलीत भरून घेतले, मी पत्ते मोजून बावन्न भरले की नाही ते पाहिले, आणि जिना उतरताना आत्या कठड्यावरून खाली वाकून सांगत होती, “जावईबापू, पोहोचलात की फोन करा हं.”